काका कुणाकडे राहत नसत

काकांचा कुणालाही पहिला प्रश्न एकच असे. "खोली किती बाय किती?"

नाव, गाव, शिक्षण हे सगळं नंतर. मला त्यांनी विचारलं तेव्हा मी त्यांच्या गाडीच्या मागच्या पायरीवर अकाउंट्सचं पुस्तक घेऊन बसले होते. गाडी कुणाची हे मला माहीत नव्हतं. घाटकोपरच्या डोंगरावर आमची वस्ती आहे. गल्लीच्या तोंडाशी, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीसमोर ती गाडी बरेच दिवस उभी होती आणि दुपारी तिच्या मागे सावली पडायची, एवढंच मला ठाऊक होतं. ते अचानक समोर आले. मी उठले. ते म्हणाले, "बस, बस. खोली किती बाय किती?"

मला वाटलं, हे सर्व्हेवाले असणार. आमच्याकडे असे लोक येतात आणि त्यांना नीट उत्तर द्यायचं असतं. मी म्हटलं, "दहा बाय दहा. वर पोटमाळा आहे."

"माणसं?"

"पाच."

त्यांनी वर बघितलं, ओठ हलवले, बहुतेक भागाकार केला. मग म्हणाले, "पोटमाळा धरला तरी वाईट आहे. आत बस. आत पंखा आहे."

अशी मी त्या गाडीत अभ्यास करायला लागले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजला गेलेलं नाही, त्यामुळे अभ्यासाला जागा लागते ही गोष्ट घरात कुणाला सुचली नव्हती, आणि मलाही ती मागायची कशी ते कळत नव्हतं. काकांनी ती न मागता दिली. का दिली, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. ते गेले त्याला आता वर्ष होऊन गेलं. पुतण्याने गाडी विकली, ती कुठे असते मला माहीत नाही. त्यांच्याबद्दल लिहायला बसले की दर वेळी वेगळाच माणूस तयार होतो. म्हणून आता जसं आठवेल तसं लिहिते.

ती गाडी म्हणजे एक जुनी रुग्णवाहिका होती. काकांनी ती भंगाराच्या भावात घेतली, बाहेरून क्रीम रंग दिला आणि आत घर करायला घेतलं. ते बसच्या वर्कशॉपमधून फोरमन म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे हाताला सगळं येत होतं. स्ट्रेचरच्या जागी पलंग. नातेवाईक बसायचे त्या लांब बाकावर गादी. मागच्या दाराची फळी खाली पाडली की ओटा व्हायचा. शेगडी ड्रॉवरसारखी बाहेर यायची. सलाइन लावायच्या हुकाला चहाची गाळणी टांगलेली. सगळं मिटणारं, सरकणारं, एकात एक जाणारं. बसायला सहा घडीचे पाट केले होते.

"सहा कशाला काका?" मी एकदा विचारलं. "तुम्ही तर एकटेच."

"पाहुणे आले तर?"

हे मला चमत्कारिक वाटलं. कारण काका स्वतः कुणाकडे पाहुणे म्हणून जात नसत. म्हणजे भेटायला जात, पण राहायला नाही. पुतण्याकडे वसईला गणपतीला जायचे आणि शेवटची गाडी पकडून परत यायचे. बहीण चिपळूणला होती तेव्हा तिच्याकडे जाऊन रात्री एसटी स्टँडवर झोपले होते, असं त्यांनीच सांगितलं, आणि तेही काही विशेष सांगतोय अशा स्वरात नव्हे. "माणसानं जागा अडवू नये," हे त्यांचं वाक्य. दिवसातून चारदा तरी म्हणायचे. लिफ्टमध्ये शिरले की भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. चपला काढल्या की एकीवर एक ठेवायचे. पेपर वाचताना त्याची घडी घालत घालत इतका लहान करायचे की बातमीचं एकच वाक्य दिसायचं.

स्वतःचा ब्लॉक होता त्यांचा, घाटकोपर पूर्वेला, तळमजल्यावर. आधी गाडी तिथेच सोसायटीच्या आवारात उभी असायची. मग सोसायटीच्या सेक्रेटरींनी हात जोडले. तो प्रसंग काका नक्कल करून सांगायचे.

"काका, ये गाडी देखके मेरी मम्मी का बीपी बढ़ जाता है. रोज सुबह खिडकी खोलती है और पूछती है, कौन गया?"

"त्यांना सांगा ना, कुणी गेलं नाही म्हणून. मीच जाणार आहे."

"किधर?"

"मित्राकडे. सावंतवाडीला."

"तो जाओ ना काका, प्लीज!"

पण गाडी पूर्ण झाली नव्हती. ती कधीच पूर्ण होत नव्हती. एक फळी बसली की दुसरी उखडायची. मग काका गाडी घेऊन पश्चिमेला आमच्या गल्लीत आले, आणि रोज पूल ओलांडून, हातात स्टीलचा डबा घेऊन, कामावर आल्यासारखे येऊ लागले.

आईला हे पसंत नव्हतं. ती खाकऱ्याच्या कारखान्यात लाटायला जाते. रविवारी ती गाडीपाशी येऊन दारातूनच म्हणाली, "ह्या गाडयेत किती माणसां मेली असतीत देव जाणे, आणि तू थय बसून वाचतंस?"

काका ओट्याखालून बाहेर आले. "कुडाळ?"

"नेरूर," आई म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला. गावाजवळचं माणूस भेटलं की ती अशीच होते. दुसऱ्या दिवशी तिने माझ्याबरोबर घावणे पाठवले. मग तिने त्यांना चहाला बोलावलं. काका आले, पण आत येईनात. गल्लीतच उभे राहून पिऊ लागले.

"आत या की. असं काय परक्यासारखं!"

"मी आत आलो की तुमच्यातला एक बाहेर येणार," काका म्हणाले.

आईला राग आला. पण माझा भाऊ तोवर उठून खरंच बाहेर आला होता.

त्यांच्या सावंतवाडीच्या मित्राला ते भाऊ म्हणायचे. दोघे एकाच गावचे, बरोबर मुंबईत आलेले. भाऊ आधी कापडगिरणीत होते, गिरणी गेल्यावर कांजूरमार्गला दुकान चालवलं, आणि म्हातारपणी बायकोला घेऊन सावंतवाडीला घर बांधून राहिले. त्यांचा फोन आठवड्याला यायचा. काकांचे हात ग्रीसने भरलेले असायचे, म्हणून फोन स्पीकरवर असायचा आणि मला सगळं ऐकू यायचं. भाऊ मालवणीत विचारायचे, गाडी झाली काय? काका म्हणायचे, थोडं राहिलंय. मग पुन्हा पुढच्या आठवड्यात.

माझी परीक्षा संपली त्या आठवड्यातला फोन वेगळा होता.

"गाडी झाली काय ता इचारूक फोन करूक नाय," भाऊ म्हणाले. त्यांची जीभ जड झाली होती. वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. "घर इकलां. चेडू पुण्याक घेवन जाता आमका. ह्या म्हयन्याअखेर."

घर विकलं होतं, महिन्याअखेर मुलगी दोघांना पुण्याला नेणार होती.

"आयकतंस मां? एकदा ये. आणि रवाक ये. नुसतो भेटाक येव नको." राहायला ये, असं ते म्हणत होते. एक रात्र तरी घरात राहा. "तुझी खोली तशीच आसा. ती माका दुसऱ्याक देऊची लागतली आता."

"बरं," काका म्हणाले.

"बरं काय? रवतलंस काय?"

"येतो," काका म्हणाले आणि कोपराने फोन बंद केला. मग बराच वेळ पाना फडक्याने पुसत बसले. शेवटी मला म्हणाले, "गाडी तशी झालीच आहे."

मी मनात म्हटलं, चला, आता हे जाणार आणि राहणार. मला तेव्हा इतकं साधं वाटलं होतं ते.

आई सहा वर्षांत माहेरी गेली नव्हती. मामाकडे लग्न होतं. काकांनीच विचारलं, चला, वाटेतच आहे. आईने देवाला नमस्कार करून, गाडीच्या दाराला लिंबू-मिरची बांधून मग आत पाय ठेवला. मी पुढे बसले. काकांनी गिरणीसमोरून गाडी काढली तेव्हा गल्लीतले लोक टाळ्या वाजवत होते, आणि पानवाला ओरडला, "काका, पोहोचला की फोटो टाका, नायतर आम्हाला वाटेल तिथल्या तिथे वाट लागली!"

काका चाळीसच्या वर जात नसत. प्रत्येक वळणावर हॉर्न. पनवेलच्या पुढे रस्ता कुठे नवा, कुठे खणलेला. गाडीचा रंग बदलला तरी आकार तोच होता, त्यामुळे मागून बघणाऱ्यांना ती रुग्णवाहिकाच वाटायची आणि पुढच्या गाड्या बाजूला होऊन वाट द्यायच्या. काकांना ते सहन होईना. आपल्यामुळे कुणी का थांबावं! मग तेही गाडी कडेला घेऊन हात हलवायचे, तुम्ही व्हा पुढे. कोलाडजवळ एक गाडीवाला आमच्यासाठी थांबला आणि आम्ही त्याच्यासाठी. दोघेही जाईनात. शेवटी तो उतरून आला.

"पेशंट सीरियस आहे का?"

"पेशंट नाही."

"मग कोण आहे आत?"

"मी आसंय!" आई आतून ओरडली. "काय बघतंस? जा ना बाबा!"

वाटेत चिपळूणला मुक्काम केला. आई पलंगावर, मी बाकावर. काका वळकटी घेऊन स्टँडवरच्या बाकावर गेले. आईला फार अवघडल्यासारखं झालं. काका म्हणाले, "पाहुणे आत, घरचा माणूस बाहेर. चाळीत असंच होतं. त्यात काय!" आणि ते खरंच खूश दिसत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या घरात पाहुणे झोपले होते.

कुडाळला आई उतरली. मीही पिशवी घेतली, तर ती म्हणाली, "मामाकडे लग्नाची माणसं आहेत, तू कुठे पडणार? काकांबरोबर पुढे जा, तिथे भाऊंच्या घरी वहिनी आहेत. दोन दिवसांनी ये." काकांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू जागा अडवू नये हे त्यांच्याशिवाय फक्त तिलाच कळलं होतं.

सावंतवाडीत शिरलं की तळंच समोर येतं. गावाच्या मधोमध तळं आणि त्याच्याभोवती रस्ता. मी इतकं पाणी असं घरादारांच्या मध्ये शांत बसलेलं कधी बघितलं नव्हतं. काकांनी तळ्याला एक फेरी मारली. मग आणखी एक. मला वाटलं, वाट चुकले. मी फोन पुढे धरला. ते म्हणाले, "माहीत आहे मला घर." आणि तिसरी फेरी मारली.

घर तळ्याच्या वरच्या अंगाला, एका चढाच्या गल्लीत होतं. भाऊ काठी घेऊन पायरीवर उभे होते. उजवा हात पोटाशी धरलेला. काका उतरले. मला वाटलं होतं, मिठी वगैरे मारतील. भाऊ गाडीकडे बघून म्हणाले, "मेल्या, माका न्यूक इलंस काय?"

"तुला न्यायला मोठी लागेल," काका म्हणाले. "पोट बघ."

मग दोघे हसले, आणि भाऊंच्या डोळ्यांतून पाणी आलं. झटक्यानंतर असं होतं, असं वहिनी मला नंतर म्हणाल्या. मी त्यांना आजी म्हणायला गेले तर त्यांना आवडलं नाही, म्हणून मीही वहिनीच म्हणू लागले. उंच, सडपातळ, बोलायला तोडून. मूळच्या मुंबईच्या, मालवणी बोलत नसत.

भाऊंनी आधी काकांना खोली दाखवली. चहाही नंतर. घर बांधतानाच त्यांनी ती काढली होती. पलंग, कपाट, खिडकी. खिडकीतून तळ्याचा एक तुकडा दिसायचा. "इतकी वर्षं कोकमंसुद्धा वाळवू दिली नाहीत मला इथे," वहिनी म्हणाल्या. "भावजींची खोली, भावजींची खोली."

काकांनी भिंतीला हात लावला आणि विती मोजत खोलीभर फिरले. "बारा बाय चौदा," ते म्हणाले. "एका माणसाला!" त्यांचा आवाज मला घाबरल्यासारखा वाटला. मग म्हणाले, "झकास आहे." आणि संध्याकाळी, जेवणाच्या आधीच, गाडीत जाऊन पलंग उघडून बसले.

भाऊ त्या रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहिनींबरोबर स्वयंपाकघरात होते. घरात निम्मं सामान खोक्यांत भरलं होतं, ते दोरीने बांधायचं काम चाललं होतं. मला राहवेना. मी विचारलं, काका रागावलेत का कशावर?

"राग असता तर बरं झालं असतं," वहिनी म्हणाल्या. दोरीची गाठ मारली. मग त्यांनी सांगितलं.

लग्न होऊन त्या आल्या तेव्हा चाळीतली एक खोली होती. सासू, दोन दीर, नवरा, आणि हा नवऱ्याचा मित्र. गावचा माणूस, मुंबईत कुणी नाही, म्हणून घरात. तो गॅलरीत झोपायचा, दाराला लागून. आत यांच्या आणि बाकीच्यांच्या मध्ये साडीचा पडदा. "वीस वर्षांची होते मी. एकदा म्हणाले नवऱ्याला, हे तुमचे मित्र जाणार कधी? हळूच म्हणाले. पण हळू म्हणून कुठे जाणार त्या खोलीत? भिंतीपलीकडे तर होता तो. दुसऱ्या दिवशी वळकटी उचलून गेला. म्हणे, डेपोत झोपायची सोय झालीय. कसली सोय! उभ्या बसमध्ये झोपायचा. किती वर्षं."

"मग तुम्ही नंतर काही बोलला नाहीत?"

"बोलले ना. कितीदा बोलले. माफी मागितली. तो म्हणतो, वहिनी, तुमचं बरोबरच होतं. आता बरोबर म्हणणाऱ्याशी भांडायचं कसं, तूच सांग."

मी कॉलेजात शिकते तरी मला वाटायचं की माणसं एक तर रागावतात, नाही तर रागावत नाहीत. इथे कुणीच रागावलेलं नव्हतं आणि तरी सगळं अडलं होतं.

"यांना कारण माहीतच नाही," वहिनी म्हणाल्या. "मी तसं म्हणाले होते, तेसुद्धा हे विसरून गेलेत. यांना वाटतं, आपलंच काही चुकलं. झोपेत बडबडतात, रवाक ये, रवाक ये. पुढच्या आठवड्यात हे घरच नसेल आमचं."

दुपारनंतर दोघे मित्र तळ्याकाठी कट्ट्यावर बसले होते. मी जरा लांब, शेंगदाणे खात. वारा माझ्याच दिशेने होता.

"मेल्या, घर तुका खावक उठता काय?" भाऊ म्हणत होते.

"घर चांगलं आहे रे. मी कुठे नाही म्हणतोय?"

"मगे?"

"मी इथेच आहे ना, दारात. हाक मारलीस तर येईन."

"दारात कुत्रो पण रवता."

काका हसले. भाऊ हसले नाहीत. त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "मी मेलंय मगे येतलंस आत? तेव्हा तरी येतलंस काय गाडी लावन भायर बसतलंस?"

"गाडी उपयोगी पडेल तेव्हा."

"मस्करी करू नको माझी!" भाऊ ओरडले. फिरायला आलेले लोक वळून बघू लागले. काकांनी मान खाली घातली आणि कट्ट्यावर आणखी थोडे कडेला सरकले. त्यांच्या बाजूला भरपूर जागा होती. तिथे कुणी बसायला येत नव्हतं.

मी घरी येऊन हे वहिनींना सांगितलं, चिपळूणच्या मुक्कामाचंही. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "चिपळूणला तुम्ही दोघी आत झोपलात तेव्हा तो कुठे होता?"

"स्टँडवर. म्हणाले, पाहुणे आत, घरचा माणूस बाहेर."

"असं म्हणाला?" वहिनी म्हणाल्या आणि उठल्या.

दिवे लागायच्या वेळी त्या घरातून बाहेर आल्या. एका हातात दोन उशा, दुसऱ्या हातात भाऊंची औषधाची पिशवी. मागून भाऊ काठी टेकत. त्यांना काहीच कळलेलं नव्हतं असं चेहऱ्यावरून दिसत होतं. वहिनी गाडीच्या दाराशी उभ्या राहिल्या.

"भावजी, आम्ही तुमच्याकडे राहायला आलोय."

काका ओट्यावर कांदा चिरत होते. सुरी हातातच राहिली. "कुठे?"

"कुठे म्हणजे? तुमच्या घरी. आम्हाला इतकी वर्षं कधी बोलावलंत का तुम्ही? म्हटलं, न बोलावता जावं."

मला वाटलं, काका आता काहीतरी कारण काढतील. पण ते इतके आनंदले की मीच गोंधळले. धावाधाव सुरू झाली. सहाही पाट उघडले. भाऊंना दोन्ही बगलांत धरून वर घेतलं, पलंगाला टेकून बसवलं, पाठीला उशी. "पंखा लागतोय का? जोरात करू? वहिनी, इथे बसा, नाही, इथे, इथे वारा आहे." पिठलं-भात केला. भाऊंनी तो दोनदा मागून घेतला. प्रत्येक फळी उघडून मिटवून दाखवली. भाऊ म्हणाले, "ह्यां तू एकट्यान केलंस?" आणि काका लाजले. ते लाजलेले मी तेवढेच बघितले.

जेवण झाल्यावर वहिनींनी पलंगावर चादर घालून भाऊंना आडवं केलं. स्वतःची उशी बाकावर टाकली. ड्रायव्हरच्या सीटवर औषधाची पिशवी, पाण्याचा तांब्या, भाऊंची काठी. काका वळकटी काखेत घेऊन मधल्या बोळात उभे राहिले, इकडे तिकडे बघत. जागा नव्हती. ती त्यांनीच इंच इंच मोजून बनवली होती, तेव्हा त्यांच्याइतकं ते कुणाला माहीत असणार!

"चाळीत पाहुणे आले की घरचे कुठे झोपायचे, भावजी?" वहिनी म्हणाल्या.

"बाहेर."

"मग जा बाहेर."

काका उतरले. गाडीच्या बाहेर घर होतं. दार उघडं होतं, आत दिवा चालू होता. ते बराच वेळ गाडी आणि घर यांच्या मध्ये उभे राहिले. तळ्याकडच्या कट्ट्यावरही जाऊ शकले असते. एकदा तिकडे वळलेही. मग गाडीतून भाऊ म्हणाले, "खय चललंस?" आणि काका घराच्या पायऱ्या चढले.

मी बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपले होते. सकाळी जाग आली ती वहिनींच्या पावलांनी. दूध तापवायला त्या गाडीतून घरात आल्या होत्या. मी उठून बसले तर त्या मधल्या दाराशी थांबल्या होत्या, हातात रिकामं पातेलं. मी जाऊन बघितलं.

खोलीचा दिवा अजून चालू होता. पलंगावरची चादर होती तशी ताणलेली. तिच्यावर एक सुरकुती नव्हती. काका खाली जमिनीवर झोपले होते, खोलीच्या दारात, स्वतःच्या वळकटीवर, चौकटीला अंग चिकटवून. गुडघे पोटाशी. कुणाला जायचं असेल तर जाता यावं इतकी वाट बाजूला ठेवली होती. तिथून जाणारं कुणी नव्हतं. ते घोरत होते.

मला वाटलं, वहिनी रडतील, नाही तर त्यांना उठवतील. त्यांनी पातेलं माझ्या हातात दिलं, साडी जरा वर धरली आणि त्या ठेवलेल्या वाटेतून आत गेल्या. पलंगावर बसल्या. चादर दोन्ही हातांनी चुरगळली. उशी मधोमध दाबली, पुन्हा दाबली. मग आल्या तशा बाहेर आल्या आणि पातेलं घेऊन स्वयंपाकघरात गेल्या.

मी अंगणात आले. गाडीच्या खिडकीतून भाऊंचा चेहरा दिसत होता. ते जागेच होते.

"आत निजलो मां?" त्यांनी काकांबद्दल विचारलं.

मी तोंड उघडलं. आत तर झोपले होते. पण कुठे म्हणजे आत, हे मला ठरवता येईना. मागून वहिनी चहाचं भांडं घेऊन आल्या.

"आत," त्या म्हणाल्या.

"पलंगार?"

"मग कुठे?"

भाऊंचा चांगला हात चादरीवर नुसता फिरत होता.

थोड्या वेळाने काका दारात आले. मान एका बाजूला धरली होती आणि मागे वळून खोलीकडे बघत होते. वहिनींनी गाडीच्या ओट्यावर कप मांडले. भाऊंनी खिडकीतून विचारलं, "काय रे, पलंग कसो काय?"

काकांनी वहिनींकडे बघितलं. वहिनी चहा गाळत होत्या आणि फक्त कपात बघत होत्या.

"गादी फार मऊ आहे रे," काका म्हणाले. "पाठ धरली."

"धरतलीच!" भाऊ म्हणाले. "कापसाची आसा. मुद्दाम भरून घेतलंय. आज परत नीज, सवय होतली."